पुढच्या दाराने

दातुक एम्बोंगने पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवरची नावाची पट्टी उचकटली, तिची चौघडी केली आणि खिशात घातली. ती मुख्यमंत्र्यांची होती. शेजारची जिल्हाधिकाऱ्यांची, तिच्यापलीकडची पक्षाच्या राज्य अध्यक्षांची. सकाळपासून फोन येत होते. कुणाची सासू आजारी पडली होती, कुणाला अचानक राजधानीत बोलावणं आलं होतं. कारणं वेगवेगळी, सूर एकच. उद्या नातीचं, हुस्नाचं लग्न, आणि मांडवातली पहिली रांग आजच रिकामी झाली होती.

पट्ट्यांनी खिसा फुगला. उरलेल्या त्याने कचऱ्याच्या पिंपात टाकल्या आणि खुर्च्यांवरचं पांढरं कापड नीट ओढून बसवलं. खुर्ची रिकामी असली म्हणून वाकडी कशाला असावी?

तेवढ्यात रिझ्मानची काळी गाडी मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. रिझ्मान म्हणजे पक्षाध्यक्षांचा राजकीय सचिव. गुळगुळीत दाढी केलेला, महागडा बातिकचा शर्ट घातलेला. त्याने वाकून दातुकचा हात दोन्ही हातांत घेतला.

"दातुक, अध्यक्षसाहेबांनी सलाम सांगितलाय."

"सलाम पोचला. बाकीचं बोल."

रिझ्मान रिकाम्या खुर्च्यांकडे बघून न बघितल्यासारखं करत म्हणाला, "हाजी सेमान यांची उमेदवारी नक्की झाली. त्यांच्या पक्षाशी आघाडी झाल्यावर एवढी जागा सोडावीच लागली."

"कुणाची जागा?"

"आपली."

"आपली म्हणजे माझी. तुझं मत क्वालालंपूरला आहे."

रिझ्मान हसला. अशा कामाला हसणारीच माणसं पाठवतात. "साहेब तुम्हाला विसरलेले नाहीत. मत्स्य महामंडळाचं अध्यक्षपद ठेवलंय तुमच्यासाठी. गाडी, ड्रायव्हर, समुद्र दिसेल असं ऑफिस."

"समुद्र मला माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतूनही दिसतो. मोबदल्यात काय करायचं?"

"फार काही नाही. उद्या तुम्ही आणि हाजी सेमान एका थाळ्यावर जेवताना एक फोटो. आणि परवा, शनिवारी, ते अर्ज भरतील तेव्हा त्यांच्या शेजारी उभं राहायचं."

"सेमान माझ्या घरी जेवायला कशाला येईल? त्याला बोलावलंय कुणी?"

"आम्ही कळवलंय त्यांना. तुमच्या वतीने. फोनवरून."

दातुकच्या केलुलुत गावात लग्नाचं आमंत्रण यजमान स्वतः देतो. दुसऱ्याच्या घराच्या पायऱ्या चढायच्या, चटईवर टेकायचं, दिलेलं पाणी प्यायचं आणि मग तोंड उघडायचं. तो राज्यात मंत्री होता तेव्हा आणि केंद्रात उपमंत्री होता तेव्हासुद्धा मुलींच्या लग्नांना बायकोला घेऊन दारोदार फिरला होता. हुस्नाच्या लग्नालाही दोघं गुडघे धरत सगळं गाव हिंडली होती. सगळं म्हणजे आपल्या बाजूचं. पलीकडच्या बाजूची घरं पाय आपोआपच टाळायचे.

"माझ्या नातीच्या लग्नाचं आमंत्रण क्वालालंपूरहून गेलं," तो सावकाश म्हणाला. "मग जेवणही तिथूनच आणा."

"दातुक, तसा अर्थ काढू नका."

"अर्थ तुझ्या साहेबांना काढू दे. माझ्या माणसांना कालच सांगितलंय, परवा अर्ज मी भरतोय. अपक्ष. त्यांना जाऊन सांग."

रिझ्मानचं हसू जागचं हललं नाही. "सूचक, अनुमोदक मिळतील ना? लोकांना आपापली पोटं असतात. बघा, विचार करा. उद्या मी फोटोग्राफर घेऊन येतोच. लग्नघरी आलेल्याला तुमच्याकडे कुणी परत पाठवत नाही, हे मला माहीत आहे."

ते खरं होतं, म्हणूनच दातुकच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी वळून गेली तरी तो मांडवाचा बांबू धरून उभा होता.

नाही म्हणणं त्याला नवीन नव्हतं. कोळ्यांच्या सोसायटीचा चिटणीस होता तेव्हापासून त्याचं राजकारण नकारावरच वाढलं होतं. आमदार झाला, राज्याच्या मंत्रिमंडळात गेला, जमीन आणि पाणी खातं मिळालं. खाडीच्या मुखाशी वाळू उपसायचा परवाना तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मित्राला हवा होता. एम्बोंगने सही केली नाही. मग त्याला बढती देऊन क्वालालंपूरला पाठवलं. असं काढून टाकलं की वरती हारही घालता येतो. तिथे तो उपमंत्री झाला. मासेमारीचं बंदर मोठ्या ट्रॉलरवाल्या कंपनीला द्यायचं ठरलं तेव्हा फीत कापायला गेलाच नाही. मंत्रिपद गेलं, तो मागच्या बाकावर आला. मागच्या बाकावरूनही त्याचा आवाज पुढे पोचायचा.

पण त्याच्या सगळ्या नकारांत गावाने डोक्यावर घेतलेला नकार एकच, सेमानच्या घरचं न खाण्याचा.

सेमान त्याचा साडू. एम्बोंगची बायको काल्तोम थोरली आणि सेमानची बायको मेक सोम तिच्या पाठची. सेमान धार्मिक शाळेत मास्तर होता आणि विरोधी पक्षात होता. कधीतरी एका निवडणुकीत पलीकडच्या कुणीतरी सभेत सांगितलं, की सरकारपक्षाच्या माणसाने कापलेलं जनावर खाऊ नये. सेमान त्या सभेत पुढच्याच सतरंजीवर होता. दुसऱ्या दिवशी एम्बोंगने त्याच मैदानावर उत्तर दिलं: नका खाऊ, आम्हीही तुमच्या पंगतीला पाय लावणार नाही. टाळ्या अशा पडल्या की शब्द परत घेता आला नाही. गावात दोन बाजू झाल्या, दोन इमाम झाले, कढया दोन झाल्या. एम्बोंगने आमदार म्हणून आपल्या बाजूसाठी ताटांच्या चळतीच्या चळती आणल्या. काल्तोमने नखांना लावायच्या रंगाने प्रत्येक ताटाच्या बुडाशी लाल ठिपका दिला. पलीकडच्यांनी आपल्या ताटांना पांढरा दिला. तोवर सेमान त्याला 'अबांग' म्हणायचा, थोरला भाऊ; इकडे बायकोही नवऱ्याला तेच म्हणते. त्यानंतर सरकारी किताबाने, 'दातुक' म्हणायला लागला, तेही व्यासपीठावरून, नाकाने.

आता तीच दोन टोकं क्वालालंपूरच्या कुठल्याशा हॉटेलात एका टेबलाशी बसून एक झाली होती. वरच्यांनी भांडा म्हटलं की गावाने भांडायचं, जेवा म्हटलं की जेवायचं.

मांडवात करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा एम्बोंग घराला वळसा घालून मागे गेला.

मागच्या अंगणात अख्खी आळी जमली होती. नारळाच्या झाडांखाली पुरुष मांस तोडत होते, बायका कांद्याच्या ढिगाभोवती डोळे पुसत बसल्या होत्या. तीन दगडांवर कढया चढल्या होत्या. या बाजूला तो याआधी आला होता तो फोटोपुरता. वल्ह्याएवढं उलथनं दोनदा फिरवायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, हात धुवायचे. त्याला पाहून बायकांच्या गप्पा थबकल्या.

"काहीतरी काम द्या," तो म्हणाला.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एका म्हातारीने फडकं त्याच्या हातात दिलं आणि धुतलेल्या ताटांच्या टोपलीकडे बोट दाखवलं. दातुक फळकुटावर बसला आणि ताटं पुसू लागला. पहिल्या ताटाच्या बुडाशी लाल ठिपका होता. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला पांढरा.

त्याला वाटलं, चुकून आलं असेल. त्याने ते वेगळं ठेवलं. पुढचं पुन्हा पांढरं निघालं, त्यापुढचंही. आयुष्यभर फायली लावलेला माणूस, त्याने आपोआप दोन चळती केल्या. पांढरी चळत वाढत वाढत लाल चळतीच्या डोक्यावरून गेली. कांदे चिरणाऱ्या बायका आता चिरत नव्हत्या, नुसत्या सुऱ्या धरून बसल्या होत्या.

काल्तोम तांदळाचं घमेलं घेऊन आली. तिने चळतींकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि घमेलं खाली ठेवलं.

"वेगळी कशाला करताय, अबांग? वाढताना पुन्हा एकत्रच करावी लागतील."

"ही त्यांची ताटं आहेत."

"ताटंच आहेत."

"कधीपासून?"

"तुम्ही राज्यात मंत्री होतात तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून असेल. सगळ्या गावाला पुरतील एवढी ताटं एका बाजूकडे कुठून असणार? आपल्याकडे लग्न असलं की त्यांची येतात, त्यांच्याकडे असलं की आपली जातात. फुटतात दोन्हीकडची."

एम्बोंगने हातातलं ताट खाली ठेवलं. कढईतून भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता. हा वास त्याने प्रत्येक लग्नात मांडवातून घेतला होता आणि प्रत्येक वेळी माईकवरून सांगितलं होतं, असा रस्सा पलीकडच्यांना सात पिढ्यांत जमायचा नाही.

"वाटण कोण करतं?" त्याने विचारलं. उत्तर त्याला विचारतानाच कळलं होतं.

"सोम करते. माझं वाटण तुम्हाला कधी आवडलं होतं?"

"ती इथे येते?"

"येते. मागून, कोंबड्यांच्या खुराड्याकडून. मीही जाते. तिच्या सगळ्या मुलांच्या लग्नांना गेले. मागूनच."

"मला सांगायचीस बाजारात चाललेय."

"बाजारातही जायचे. येताना."

एक बाई खुदकन हसली आणि पटकन कांद्यावर वाकली. एम्बोंगचे कान तापले. आपण देशाच्या संसदेत उभं राहून मंत्र्यांना घाम फोडला आणि आपल्याच घरात आपला कायदा एक दिवसही चालला नाही. त्याला राग यायला हवा होता. राग आलाही, पण तो कुणावर काढावा ते सुचेना. समोर बसलेल्या सगळ्या जणी त्याच्याकडे अगदी मायेने बघत होत्या, आणि तेच जास्त झोंबत होतं.

काल्तोम त्याच्या शेजारी फळकुटावर बसली. तिने आवाज उतरवला.

"परवा तुमच्या अर्जावर सूचक कोण आहे?"

"बघतोय."

"काय बघताय? कालपासून तुमचे सगळे जण फोन बंद करून बसलेत. माझं मत इथलंच आहे. माझं नाव घाला. अनुमोदकही देते, या अंगणातून कुणीही. निवडणूक कुणाशी लढवायची त्याच्याशी लढवा, मी त्यात पडत नाही." तिने फडकं त्याच्या हातातून घेतलं. "पण उद्या सोम पुढच्या दाराने आली पाहिजे. हुस्नाच्या आईला तिने न्हाऊ घातलंय, आणि त्या पोरीचं लग्न तिने खुराड्याच्या फटीतून पाहिलं. हुस्नाचं पाहू देणार नाही मी तसं. आणि फोनवर बोलावून नाही. आपल्याकडे बोलावतात तसं."

"आज गेलो तर गाव काय म्हणेल? वरून हुकूम आला आणि दातुकने शेपूट घातलं."

"मग तिथे जाऊन काय बोलायचं ते ठरवा. इतकी वर्षं भाषणंच केलीत ना?"

ती उठली. जाता जाता तिने दोन्ही चळती एकमेकींवर चढवल्या.

एम्बोंगने घरात जाऊन तोंड धुतलं, काळी सोंगकोक टोपी चढवली आणि मागच्या पायवाटेने न जाता थेट रस्त्याने निघाला. उन्हं उतरली नव्हती. कॉफीच्या टपरीवर दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या बाकांवर बसली होती. दातुक सेमानच्या घराच्या दिशेने चाललाय हे पाहिल्यावर पत्ते हातातच राहिले.

"कुठे निघालात, दातुक?" एकाने न राहवून विचारलं.

"साडूकडे," एम्बोंग म्हणाला आणि थांबला नाही.

सेमान पायरीवर बसून कवड्याचा पिंजरा साफ करत होता. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला लुंगी, अंगात बनियन. एम्बोंगला बघून त्याने बनियन खाली ओढलं, एवढंच.

"दातुक वाट चुकले?"

एम्बोंगने पायऱ्यांजवळच्या रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले. वर चढला. चटईवर बसला. घरातून गवती चहा ठेचल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"तुला क्वालालंपूरहून आमंत्रण आलंय म्हणे," तो म्हणाला.

"आलं. फार गोड आवाज होता. मला वाटलं विमा विकतोय."

"ते रद्द समज. हे माझं. उद्या हुस्नाचं लग्न आहे. तू, सोम, मुलं, सुना, नातवंडं. जुम्म्याच्या नमाजानंतर या."

सेमानने पिंजऱ्याचं दार लावलं. "येतो."

"थांब, माझं बोलून व्हायचंय. परवा मी तुझ्याविरुद्ध अर्ज भरणार आहे."

सेमानच्या बोटांतून धान्याचे चार दाणे पायरीवर पडले. कवडा पिंजऱ्याच्या दांडीवर सरकून त्यांच्याकडे मान वाकडी करून बघू लागला.

"अपक्ष?"

"अपक्ष."

"आता दोन्हीकडची माणसं माझ्याकडे आहेत, दातुक. अनामत जप्त होईल तुमची."

"होऊ दे. तुझ्याशी इतक्या निवडणुका लढलो. तुला पाडलं, तूही मला एकदा पाडलंस. प्रत्येक वेळी गावाने ठरवलं. आता गावाला न विचारता कुणीतरी हॉटेलात बसून ठरवणार, आणि मी तुझ्या शेजारी उभं राहून दात काढायचे? मला ते जमणार नाही. तुला बिनविरोध जाऊ देणं हा तुझाही अपमान आहे."

सेमान दाढी खाजवत बसला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी मिश्किल हललं. एम्बोंगला ते ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते लगेच आठवेना.

"मग जेवायला कशाला बोलावताय?"

"ते घरचं आहे. इतकी वर्षं दोन्हींची खिचडी केली ती माझी चूक."

"एकट्याची नाही," सेमान म्हणाला. "त्या सभेत मी पुढे बसलो होतो. उठून बोलू शकलो असतो."

त्याने पायरीवरचे दाणे वेचून पिंजऱ्यात टाकले.

"वाटणाचं तुला माहीत होतं?" एम्बोंगने शेवटी विचारलं.

"पहिल्या लग्नापासून. गवती चहा मीच ठेचून देतो. सोमचा खांदा दुखतो."

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीस? व्यासपीठावर नुसतं सांगितलं असतंस तर माझं तोंड बंद झालं असतं."

"झालं असतं. पण मग मला ते बंद करावं लागलं असतं. आमच्यातली माणसं तुमच्यापेक्षा कडक. तुम्ही माईकवरून रश्शाची तारीफ करायचात, आम्ही इथे घरात बसून ऐकायचो. सोम म्हणायची, ऐका, आज मीठ-मसाला जमलाय." सेमानने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? राज्य चालवलंत, देश चालवलात, आणि एकदाही मागच्या दारी डोकावला नाहीत?"

मेक सोम पाण्याचा पेला घेऊन दारात आली होती. केस पांढरे झाले होते, बोटं हळदीने पिवळी होती. रस्त्यात, बाजारात, मयतीत तिला त्याने पाहिलं होतं, पण इतक्या जवळून बघायची वेळ किती वर्षांत आली नव्हती. त्याने पेला घेतला आणि पाणी तळापर्यंत प्यायला.

"सोम, उद्या पुढून ये."

तिने रिकामा पेला दोन्ही हातांत धरला.

"पुढून?" ती म्हणाली. "पुढे चपला कुठे काढायच्या?"

एम्बोंगला उत्तर देताना खाली बघावं लागलं. संसदेत असं कधी झालं नव्हतं.

"पायरीशी," तो म्हणाला. "सगळे काढतात तिथेच."

दुसऱ्या दिवशी जुम्म्याचा नमाज संपला तशी माणसांची रीघ लागली. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या खुर्च्यांवर कोळ्यांच्या सोसायटीतले म्हातारे ऐसपैस बसले होते. एकाने खाली चपला काढून मांडीच घातली होती. मांडवाच्या तोंडाशी रिझ्मान फोटोग्राफरला घेऊन उभा होता. फुलं लावलेल्या कमानीखाली उजेड बरोबर पडतो, हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. कालच्या दातुकच्या फेरफटक्याची बातमी त्यालाही लागली होती, आणि त्याचा त्याने आपल्या सोयीचा अर्थ लावला होता.

"दातुक, तुम्ही मोठं मन दाखवलंत," तो म्हणाला. "साहेब फार खूश आहेत."

"त्यांना म्हणावं, आत्ताच हुरळून जाऊ नका."

सेमानची जुनी गाडी रस्त्याच्या कडेला लागली. तो नवा झब्बा घालून, अत्तर लावून, पिंजऱ्याबाहेर सोडलेल्या कोंबड्यासारखा मान ताठ करून उतरला. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. एम्बोंग झपझप पुढे गेला, साडूचा हात हातात घेतला, छातीला लावला आणि त्याच हाताने त्याचा दंड पकडून त्याला कमानीच्या बाजूने, केळींमधून, कोंबड्यांच्या खुराड्याकडे वळवलं.

"अहो, मला पुढच्या दाराचं आमंत्रण होतं," सेमान ओढला जात म्हणाला.

"पुढचं सोमला होतं. तुझं-माझं मागचं."

रिझ्मान फोटोग्राफरसकट त्यांच्या मागे धावला. खुराड्याशी काल दातुकच्या हातात फडकं देणारी म्हातारी स्टुलावर बसली होती. तिने झाडू आडवा धरला.

"इथे बायकामाणसं आहेत, बाळा. कॅमेरा चालत नाही."

"मावशी, फक्त एक फोटो."

"पुढे जाऊन नवरीचा काढ. लग्न तिचं आहे."

मागच्या अंगणात कढईच्या आडोशाला चटई टाकलेली होती. दोघं मांडी घालून बसले. कुणीतरी तुपातला भात वाढला, कुणीतरी वरून रस्सा ओतला. ताटाच्या बुडाशी कुठला ठिपका आहे हे एम्बोंगला दिसायचं कारण नव्हतं, ताट भरलेलं होतं. त्याने बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेतला.

घर खांबांवर उभं होतं. चटईवर बसलं की घराच्या खालून, सरपण आणि सायकलींच्या मधून, थेट पुढच्या पायऱ्या दिसायच्या. माणसं दिसायची नाहीत, नुसते पाय. पायऱ्यांशी चपलांचा खच पडला होता. त्या गर्दीतून काल्तोमच्या हिरव्या सारोंगची किनार खाली उतरली आणि थांबली. तिच्यासमोर दुसरे दोन पाय आले, जुन्या तपकिरी चपलांतले. ते पायरीपासून हातभर अंतरावर घुटमळले. पुढच्या अंगणातली बोलणी एकदम शांत झाली.

सेमानचा घास ताटावरच थांबला.

काल्तोमचा पाय पुढे आला आणि त्याने चपलांच्या खचात दोन चपलांपुरती जागा केली. तपकिरी चपला निघाल्या. त्या तिथे, काल्तोमच्या चपलांना लागून राहिल्या, आणि अनवाणी पायांच्या दोन जोड्या पायऱ्या चढून दिसेनाशा झाल्या. मग वरच्या फळ्यांवर एकदम पुष्कळ पावलं वाजली आणि बायकांचा गलका उठला.

सेमानने डोळे बाहीला पुसले. "धूर फार आहे तुमच्याकडे," तो म्हणाला.

"आहे."

मग सेमानने बोट चाटून मान हलवली.

"मीठ कमी आहे."

"तुझ्याच बायकोचं वाटण."

"वाटण आमचं. मीठ तुमच्याकडचं."

एम्बोंगने मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली. खुराड्यापलीकडे रिझ्मान टाचा उंचावून बघत होता आणि फोनवर कुणाला तरी समजावत होता.

"उद्या अर्ज भरायला किती वाजता येणार, अबांग?" सेमानने विचारलं.

"तुझ्या आधी," एम्बोंग म्हणाला आणि आणखी रस्सा वाढायला ताट पुढे केलं.